घोलवडचा चिकू आणि फ्रीझर: गोठवलेली फळं खरंच पौष्टिक असतात का?

इन्स्टाग्राम उघडा. दोन-चार रील्स वर सरकवल्या की एक बाऊल दिसतोच. जाडसर गुलाबी किंवा जांभळी स्मूदी, वर गोठलेल्या बेरी, शेजारी चिया सीड्स. खाली कमेंट्समध्ये ठरलेले दोन प्रश्न असतात. पहिला, 'ही फळं कुठे मिळतात?' आणि दुसरा, 'फ्रोझन फळात काय सत्त्व उरतं हो?'

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे 'फ्रोझन' म्हणजे मटार आणि फार तर स्वीटकॉर्न. आता दहा-पंधरा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲप्सवर स्ट्रॉबेरी, आंब्याच्या फोडी, सीताफळाचा गर, जांभूळ असं सगळं गोठवलेलं मिळतं.

याच वेळी मुंबईपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी पट्ट्यात वेगळंच गणित चालू असतं. तिथल्या चिकूला झाडावरून उतरवलं की तो मऊ पडायला आठवडाही लागत नाही. तेवढ्या वेळात त्याला गिऱ्हाईक मिळालं तर पैसे, नाही तर नुकसान.

हे दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत. तुमच्या बाऊलमध्ये काय पडतं आणि बागायतदाराच्या हातात काय पडतं, ते समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- पिकलेलं फळ नीट गोठवलं तर त्यातलं पोषण बहुतांश टिकतं. काही वेळा चार दिवस फ्रीजमध्ये पडून राहिलेल्या 'ताज्या' फळापेक्षा ते सरस ठरतं.
- गोठवल्यानं साखर कमी होत नाही आणि जंतूही मरत नाहीत.
- चिकू, जांभूळ, सीताफळ अशा नाजूक फळांसाठी गोठवणं हा चांगला उपाय आहे, पण त्यासाठी सलग वीज आणि शीतसाखळी लागते. खरी अडचण तिथेच आहे.

डहाणू आणि चिकूचं नातं किती जुनं?

चिकू मूळचा आपला नाही. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्या झाडाच्या चिकाला तिकडे 'चिकल' म्हणतात आणि एके काळी च्युइंगगम त्यापासूनच बनायचं. भारतात चिकूची लागवड पहिल्यांदा १८९८ मध्ये झाली, ती घोलवडला, असं फळबागांवरच्या पुस्तकांत नोंदवलेलं सापडतं. पुढे इराणी-पारशी बागायतदारांनी आणि स्थानिक शेतकऱ्यांनी डहाणू, घोलवड, बोर्डी या किनारपट्टीवर चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. इथली मुख्य जात कालीपत्ती. गडद हिरवी पानं, लांबट गोल फळ, मऊ गर आणि मोजक्या बिया.

'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. घोलवडच्या मातीत कॅल्शियम जास्त असल्यामुळे इथल्या चिकूला वेगळी गोडी येते, असं मानलं जातं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार पालघर जिल्ह्यात साधारण ५ हजार हेक्टरवर चिकूच्या बागा आहेत.

बोर्डीत २०१३ पासून चिकू महोत्सव भरू लागला. तिथे गेलेल्यांना चिकूचे चिप्स, पावडर, लोणचं, मिठाई, आइस्क्रीम असं बरंच काही चाखायला मिळतं. हे पदार्थ नुसती हौस म्हणून जन्माला आलेले नाहीत. ताजं फळ टिकत नाही, या जुन्या दुखण्यावर शोधलेले ते उपाय आहेत.

चिकूची नेमकी अडचण काय आहे?

चिकू हे तोडल्यानंतर पिकणारं फळ आहे, आंबा आणि केळ्यासारखं. झाडावर तो कडकच असतो. तयार झालाय की नाही हे ओळखायला बागेतली माणसं नखानं हलकेच साल खरवडतात. आत हिरवा रंग दिसला तर थांबायचं, पिवळसर दिसला आणि चीक कमी आला तर उतरवायचा. जाळी लावलेल्या बांबूने फळ अलगद उतरवतात, कारण खाली पडलेलं फळ मुका मार लागून आतून खराब होतं. मग धुणं, आकारानुसार निवड आणि पॅकिंग.

इथून घड्याळ सुरू होतं. साध्या तापमानात चिकू साधारण चार ते सात दिवसांत पिकतो. पिकल्यावर एक-दोन दिवस उत्तम, नंतर गर आंबायला लागतो. लांबच्या बाजारात पोहोचेपर्यंत यातले दोन-तीन दिवस गाडीतच जातात.

'मग कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवा की,' असं कुणीही म्हणेल. पण कच्चा चिकू फार थंडीत ठेवला तर त्याला थंडी बाधते. बाहेर काढल्यावर तो नीट पिकत नाही, गर कडक राहतो, चव जाते. त्यामुळे सफरचंदासारखा महिनोन्‌महिने साठवून भाव आला की विकायचा, हा मार्ग चिकूला बंद आहे.

डबाबंद करायचा म्हटलं तरी पंचाईत. आंब्याचा रस डब्यात टिकतो, कारण त्यात आंबटपणा असतो आणि आम्लात जंतू सहज वाढत नाहीत. चिकूत आंबटपणा जवळजवळ नसतोच. तो सुरक्षितपणे डब्यात भरायचा तर जास्त उष्णता द्यावी लागते आणि तेवढ्या उष्णतेत त्याचा नाजूक वास आणि चव बिघडते. सीताफळाचंही असंच आहे. त्याचा गर तापवला की कडवट होतो.

म्हणजे उरले दोन रस्ते. वाळवणं आणि गोठवणं.

गोठवतात म्हणजे नेमकं काय करतात?

आपण घरी डब्यात फळं भरून फ्रीझरमध्ये ठेवतो, तेव्हा ती हळूहळू गोठतात. हळू गोठताना फळातल्या पाण्याचे मोठे स्फटिक बनतात आणि ते फळाच्या पेशी फाडतात. बाहेर काढल्यावर फळ गळपटतं आणि ताटलीत पाणी साचतं, ते यामुळे.

कारखान्यात हे टाळण्यासाठी फळाच्या फोडी एकेक सुट्या ठेवून त्यांच्यावर साधारण उणे ३० ते उणे ४० अंश सेल्सिअसची हवा जोरात सोडतात. काही मिनिटांत फोड गोठते, स्फटिक बारीक राहतात आणि फोडी एकमेकींना चिकटत नाहीत. या पद्धतीला 'आयक्यूएफ' म्हणतात. पाकिटावर ही तीन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक फोड सुटी आणि झटपट गोठवली आहे. त्यानंतर कारखान्यापासून दुकानाच्या फ्रीझरपर्यंत माल उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवायचा असतो.

झटपट गोठवण्याची कल्पना धंद्यात आणली अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने. कॅनडाच्या लॅब्राडोर भागात असताना त्याने पाहिलं, की तिथले लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडतात, ते क्षणात गोठतात आणि महिन्यांनंतरही चवीला चांगले लागतात. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात त्याचे गोठवलेले पदार्थ पहिल्यांदा दुकानांत विकायला आले. फळं, भाज्या, मांस, मासे, सगळंच.

पौष्टिकता जाते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर द्यायचं तर फळातले घटक वेगवेगळे पाहावे लागतील.

तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, गोठवल्यानं कुठे जात नाही. पोटॅशियमसारखी खनिजंही जात नाहीत. फळ वितळताना जे पाणी सुटतं त्यात थोडी खनिजं आणि जीवनसत्त्वं उतरतात. ते पाणी स्मूदीत गेलं तर काहीच वाया जात नाही.

नाजूक घटक म्हणजे क जीवनसत्त्व. ते हवा, उष्णता आणि वेळ या तिन्हींनी कमी होतं. पण वेळेचा फटका ताज्या फळालाही बसतोच. तोडणी, वाहतूक, घाऊक बाजार, किरकोळ दुकान आणि मग तुमच्या फ्रीजमधले तीन दिवस, हा सगळा काळ मोजला तर 'ताजं' हा शब्द थोडा सैलच आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी आठ फळं-भाज्यांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्ट्रॉबेरी आणि ब्ल्यूबेरी ही दोन फळं होती, बाकी मटार, पालक, गाजर, ब्रोकोली वगैरे. गोठवलेल्या आणि फ्रीजमध्ये ठेवलेल्या मालाची तुलना केली, तेव्हा आठपैकी पाचांत क जीवनसत्त्वात म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि तिघांत ते गोठवलेल्या मालात जास्त निघालं. दुसरी बाजूही होती. मटार, गाजर आणि पालक यांच्यातलं बीटा कॅरोटीन गोठवल्यावर बरंच घटलं. म्हणजे 'गोठवलेलं नेहमीच भारी' हेही खरं नाही आणि 'गोठवलं की सगळं मेलं' हे तर नाहीच नाही.

या अभ्यासात चिकू नव्हता. पण चिकूचं मोल मुख्यतः ज्यात आहे ते गोठवल्यानं बिघडणारं नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार १०० ग्रॅम चिकूच्या गरात साधारण ८३ कॅलरी, २० ग्रॅम कर्बोदकं, ५.३ ग्रॅम फायबर, १९३ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि १४.७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. क जीवनसत्त्वासाठी आपण चिकू खातच नाही, त्यासाठी पेरू आणि आवळा आहेत. चिकूची ताकद फायबरमध्ये आहे.

मग मागणी एवढी का वाढली?

पहिलं कारण सोय. सोलणं, चिरणं, बिया काढणं सगळं झालेलं. ऑफिसला पळणाऱ्या माणसाला सकाळी मूठभर फोडी मिक्सरमध्ये टाकल्या की काम झालं.

दुसरं कारण वाया न जाणं. समजा, तुम्ही ६० रुपये किलोनं फळं घेतली आणि त्यातली पाव किलो टाकून द्यावी लागली. म्हणजे खाल्लेलं फळ तुम्हाला ८० रुपये किलोनं पडलं. गोठवलेलं पाकीट महाग दिसतं, पण त्यात साल, बी आणि नासकं फळ यांचे पैसे तुम्ही वेगळे देत नाही. हिशेब करताना हे धरायला हवं.

तिसरं, हंगामाची कटकट नाही. जांभूळ वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळतं. गोठवलेला गर दिवाळीतही मिळतो.

चौथं कारण आपल्या परदेशातल्या माणसांचं. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत चिकूच्या गोठवलेल्या फोडी आणि सीताफळाचा गर अनेक वर्षांपासून मिळतो. ताजं फळ परदेशी पाठवायचं तर किडीच्या भीतीनं नियम फार कडक असतात. आपल्या आंब्यालासुद्धा अमेरिकेत जायला २००७ पासून विकिरण प्रक्रिया करूनच परवानगी मिळाली. गोठवलेल्या फळात कीड जिवंत राहण्याची भीती जवळपास नसते, म्हणून तो रस्ता तुलनेनं सोपा पडतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरात चिकूचा मिल्कशेक होतो तो बहुतेक वेळा अशाच पाकिटातून.

डहाणू-तलासरीला याचा फायदा होतोय का?

इथे गोष्ट थोडी अडते.

जुलै २०२१ मध्ये डहाणू घोलवड चिकू ब्रिटनला निर्यात झाला. बातमी आनंदाची होती. पण त्या बातमीतला एक तपशील महत्त्वाचा आहे. हा ताजा चिकू निर्यातीसाठी तयार झाला तो गुजरातमधल्या तापी इथल्या पॅकहाउसमध्ये. फळ आपलं, मानांकन आपलं, पण प्रतवारी आणि पॅकिंगची सोय हद्दीपलीकडे.

गोठवण्याच्या धंद्यातही शेजारी पुढे आहेत. गोठवलेली फळं-भाज्या बनवणारा वाडीलाल कंपनीचा प्रकल्प वलसाड जिल्ह्यातल्या धरमपूरला आहे. नकाशा उघडून बघा. तलासरी तालुक्याची हद्द ओलांडली की वलसाड जिल्हाच लागतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतूनच जातो. कच्चा माल, रस्ता आणि मनुष्यबळ तिन्ही असूनही मूल्यवर्धनाचा मोठा वाटा आजूबाजूला जातो.

असं का? काही कारणं सरळ आहेत.

एक, विजेचा प्रश्न. चिकू वाळवायला ऊन किंवा सोलर ड्रायर पुरतो. गोठवायला मात्र दिवसरात्र वीज हवी. दोन-चार तासांचा खोळंबा झाला आणि जनरेटर नसेल तर महिन्याभराचा माल धोक्यात येतो.

दोन, साखळी. नुसतं गोठवून भागत नाही. साठवणुकीची खोली, फ्रीझर असलेली गाडी, दुकानातला फ्रीझर आणि गिऱ्हाइकाचा फ्रीझर, यातली एक कडी तुटली तरी माल गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या निम्म्याहून कमी घरांत फ्रीज होता. त्यामुळे हा बाजार तूर्त शहरांपुरता आहे.

तीन, डहाणूचे पर्यावरणाचे नियम. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. अधिसूचनेत उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे गट केले आहेत. लाल गटाला तालुक्यात परवानगी नाही आणि उद्योगांखालच्या एकूण जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा आहे.

या नियमांकडे नुसती आडकाठी म्हणून बघणं चुकीचं ठरेल. चिकूच्या वाड्या आज उभ्या आहेत त्यात या नियमांचा मोठा हात आहे. हवा, पाणी आणि माती बिघडली तर गोठवायला चिकूच उरणार नाही. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाल्यापासून हा प्रश्न इथल्या मच्छीमारांना आणि बागायतदारांना जास्तच भिडतो आहे. फळप्रक्रिया हा तुलनेनं कमी उपद्रवी उद्योग आहे. त्यामुळे 'विकास की पर्यावरण' या भांडणात तो मधला रस्ता ठरू शकतो. अर्थात, धुण्याचं सांडपाणी आणि साली-बियांचा कचरा यांची नीट सोय केली तरच.

चार, भांडवल. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. ते कर्जाशी जोडलेलं आहे. चिप्स आणि पावडरच्या युनिटला हा आकडा पुरेसा वाटतो. आयक्यूएफ यंत्रणा मात्र एकट्या छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. ती शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सहकारी संस्थेनेच उभारायची गोष्ट आहे.

यात तलासरीचा विचार वेगळा करायला हवा. हा आदिवासीबहुल तालुका. इथली अनेक वारली कुटुंबं पावसाळ्यात भातशेती करतात आणि नंतर कामासाठी बाहेर पडतात, कुणी उंबरगावच्या कारखान्यांत, कुणी चिकूच्या वाड्यांत, कुणी वीटभट्टीवर. फळं सोलणं, निवडणं, भरणं ही हातांची कामं आहेत. ती गावाजवळ झाली तर वर्षातले काही महिने तरी घर बंद करून जावं लागणार नाही. गोठवलेल्या फळाच्या पाकिटामागे इथल्या माणसांच्या दृष्टीने खरा मुद्दा हा आहे.

जांभळाचं काय?

चिकूला निदान आठवडा तरी मिळतो. जांभळाला दोन दिवसही मिळत नाहीत. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचं जांभूळ टपोरं आणि गोड म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हंगाम मे-जूनचा. त्यात वळवाचा एखादा जोरदार पाऊस आला की फळ फुटतं, झडतं.

अशा फळासाठी गोठवणं चिकूपेक्षाही जास्त फायद्याचं आहे. जांभूळ गोठवल्यावर मऊ पडतं, पण त्याचा रस किंवा गरच वापरायचा असल्यानं कुणाचं बिघडत नाही. त्याचा जांभळा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं गोठवलेल्या अवस्थेत बऱ्यापैकी टिकतात.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करू. जांभूळ हे डायबेटिसवरचं औषध नाही. व्हॉट्सॲपवर काहीही फिरत असलं तरी डॉक्टरांची गोळी बंद करून जांभळाचा रस सुरू करणं धोक्याचं आहे.

गोठवलेल्या फळांत धोके आहेत का?

आहेत. थंडीने जंतू झोपतात, मरत नाहीत. फळ वितळलं की ते पुन्हा जागे होतात. काही विषाणू तर गोठवलेल्या अवस्थेत आरामात टिकतात.

२०१३ मध्ये अमेरिकेत तुर्कस्तानहून आलेल्या गोठवलेल्या डाळिंबाच्या दाण्यांमुळे १६५ जणांना हिपॅटायटिस ए, म्हणजे एक प्रकारची कावीळ झाली. २०२३ मध्ये तिथेच गोठवलेल्या स्ट्रॉबेरीमुळे तसाच उद्रेक झाला. चूक गोठवण्याची नव्हती. दूषित पाणी किंवा अस्वच्छ हात फळाला आधीच लागले होते आणि फ्रीझरनं ते जंतू जपून ठेवले. म्हणून फळ धुणारं पाणी आणि सोलणारे हात स्वच्छ असणं यंत्रापेक्षाही महत्त्वाचं आहे.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी गोठवलेली फळं कच्ची खाण्यापेक्षा उकळून किंवा शिजवून खाल्लेली बरी.

पाकीट घेताना काय बघायचं?

१. घटकांची यादी वाचा. फक्त फळाचं नाव असेल तर उत्तम. यादीत साखर असेल तर ते फळ नाही, गोड पदार्थ आहे असं समजा. आंबा आणि सीताफळाच्या गरात साखर मिसळलेली असण्याची शक्यता जास्त.

२. पाकीट हाताने चाचपून बघा. फोडी सुट्या खुळखुळल्या पाहिजेत. आत एकच दगडासारखा गोळा असेल किंवा बर्फाचा जाड थर असेल तर माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलाय.

३. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि तारीख तपासा.

४. ॲपवरून मागवलं तर पाकीट हातात येताक्षणी बघा. मऊ पडलं असेल तर परत करा, किंवा ते लगेच वापरून टाका. पुन्हा गोठवू नका.

घरच्या घरी चिकू कसा गोठवायचा?

बाजारात चिकू स्वस्त असतो तेव्हा हे करून ठेवण्यासारखं आहे. मोठी यंत्रणा लागत नाही.

पूर्ण पिकलेलाच चिकू घ्या. कच्च्या चिकूत टॅनिन आणि चीक असतो, घशाला तुरट लागतो आणि फ्रीझरमध्ये तो पुढे पिकत नाही. हात आणि फळ स्वच्छ धुवा. साल काढा. बिया नीट मोजून काढा, कारण चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो आणि ती लहान मुलांच्या घशात अडकू शकते.

फोडी करा आणि त्यांना थोडा लिंबाचा रस चोळा. चिरलेला चिकू हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळपट पडतो, लिंबामुळे ते कमी होतं. फोडी एका ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. चार ते सहा तासांनी कडक झाल्या की पिशवीत किंवा डब्यात भरा. पिशवीतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा.

घरचा फ्रीझर वारंवार उघडला जातो, म्हणून दोन-तीन महिन्यांत संपवा. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत थंड होईलच असं नाही. तसा फ्रीज असेल तर दोन-तीन आठवड्यांत वापरा.

मिल्कशेक करताना फोडी वितळवायची गरज नाही. थेट दुधात टाका. बर्फ लागत नाही आणि शेक पाणचटही होत नाही. चिकू मुळात गोड असतो, वरून साखर घालायचं कारण नाही.

कुणी जपून खायचं?

डायबेटिस असलेल्यांनी. १०० ग्रॅम चिकूत २० ग्रॅम कर्बोदकं, हे वर पाहिलंच. फळ गोठलं म्हणून ती कमी होत नाहीत. उलट स्मूदीत दोन-तीन चिकू, एक केळं आणि वर मध, असं सहज पोटात जातं. तेवढी फळं चावून खायला बसलो तर आपण आधीच थांबतो. किती खायचं हे आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

तर मग ताजं घ्यायचं की गोठवलेलं?

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. ती ताजी की गोठवलेली, हा नंतरचा प्रश्न. समोर ताजं, हंगामी, जवळचं फळ असेल तर तेच घ्या. ते स्वस्त असतं आणि त्याला फ्रीझरचं वीजबिल लागत नाही. हंगाम संपला असेल, घरी चिरायला वेळ नसेल किंवा आणलेलं फळ दर वेळी कचऱ्यात जात असेल, तर गोठवलेलं फळ बिनधास्त घ्या. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

फक्त पाकीट उलटून एकदा बघा, फळ कुठलं आहे आणि ते कुठे भरलंय. परदेशी ब्ल्यूबेरीला आज जी जागा मिळाली आहे, ती चिकूला आणि जांभळालाही मिळू शकते. आणि पुढच्या वेळी विरारहून डहाणूची लोकल पकडून घोलवड-बोर्डीला गेलात, तर परत येताना दोन किलो चिकू घेऊन या. अर्धे पिकले की खा, अर्धे ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. पावसाळ्यात मिल्कशेक कराल तेव्हा साखरेचा डबा उघडावा लागणार नाही.